कॉटखालची मांजर

'मी 41 वर्षांची आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मी, यजमान, 11 वर्षांचा मुलगा आणि 74 वर्षांच्या सासूबाई असे आम्ही चौघे राहतो. मुलाने वर्षभर कुत्र्याचा हट्ट धरला आहे. मोठे कुत्रे आमच्या जागेत नको, म्हणून पुष्कळ वाचून आणि व्हिडिओ पाहून आम्ही जॅक रसेल टेरिअर ही जात पक्की केली. वजन पाच-सहा किलो, केस आखूड, स्वभाव खेळकर. मी सकाळी साडेआठला घर सोडते ती सातला परत येते आणि यजमानांची फिरती असते. पण सासूबाई घरीच असल्यामुळे पिल्लू एकटे पडणार नाही. (त्यांची एक 14 वर्षांची मांजर आहे, पण ती हल्ली दिवसभर त्यांच्या कॉटखालीच बसून असते, त्यामुळे तिची काही अडचण नाही.) ब्रीडरला टोकन दिले आहे आणि येत्या रविवारी सहा आठवड्यांचे पिल्लू घरी आणायचे आहे. यजमान म्हणतात, ही जात फार भुंकते, सोसायटीत तक्रारी होतील. मुलगा म्हणतो, कुत्र्याचे सगळे मी करीन. ही जात आमच्या घराला मानवेल का?'

– स., ठाणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात फ्लॅट आहे, सोसायटी आहे, कुत्र्याचे वजन आणि केसांची लांबी आहे, घरातल्या तिघांच्या कामाच्या वेळा आहेत. एका जिवाला मात्र तुम्ही कंसात घातले आहे. मी उत्तर त्या कंसालाच देणार आहे.

तत्पूर्वी यजमानांची शंका निकालात काढते. सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. कुत्रा भुंकेल, भरपूर भुंकेल, हे यजमानांचे म्हणणे खरेच आहे. आखूड केस कमी गळतात हा समज मात्र सोडून द्या. ते सोफ्याच्या कापडात असे रुततात की झाडू फिरवून निघत नाहीत. पण या सगळ्याला माणसे सरावतात, शेजारीसुद्धा सरावतात. तुमच्या घराचा प्रश्न तो नाही.

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात जॉन रसेल (1795–1883) नावाचे एक धर्मोपदेशक होऊन गेले. चर्चमधल्या प्रवचनांपेक्षा कोल्ह्याच्या शिकारीमुळेच ते अधिक ओळखले गेले. घोडेस्वार आणि त्यांचे मोठे शिकारी कुत्रे मागे लागले की कोल्हा जमिनीखालच्या बिळात शिरे, आणि तिथे त्या मोठ्या कुत्र्यांचे काहीच चालत नसे. त्या अरुंद, अंधाऱ्या जागेत एकट्याने शिरायचे, कोल्ह्याच्या तोंडासमोर उभे राहून भुंकत राहायचे, तो दात दाखवील तरी मागे हटायचे नाही, आणि त्याला इतके हैराण करायचे की तो आपण होऊन बाहेर पडेल, या एका कामासाठी त्यांनी आपली टेरिअर कुत्री निवडून निवडून वाढवली. भुंकण्यालाही उपयोग होता, कारण त्या आवाजावरून वर उभ्या असलेल्या माणसांना कुठे खणायचे ते कळत असे. आजही या जातीच्या आंतरराष्ट्रीय मानकात उंची 25 ते 30 सेंटीमीटर आणि छातीचा घेर सुमारे 40 ते 43 सेंटीमीटर असावा असे लिहिलेले आहे, कारण छाती त्याहून रुंद झाली की कुत्रा बिळात मावत नाही. ज्या लहानपणाला भुलून तुम्ही ही जात निवडलीत, त्याचे मूळ हे असे आहे.

आता तुमच्या सासूबाईंची कॉट डोळ्यांसमोर आणा. वरून ठेंगणी, आत अंधार, मागे भिंत, आणि त्या भिंतीला पाठ लावून बसलेला एक केसाळ प्राणी, जो जवळ गेले की फिसकारतो. तुम्ही लिहिता की मांजर कॉटखालीच असते, म्हणून तिची अडचण नाही. बाई, मांजर खिडकीत बसत असती, कपाटावर चढत असती किंवा घरभर हिंडत असती, तरी मी तुम्हाला थोडी सबुरीने घ्या एवढेच सांगितले असते. ती कॉटखाली बसते, हीच तर अडचण आहे. कित्येक पिढ्यांच्या निवडीने ज्या कुत्र्याच्या अंगात नेमकी हीच परिस्थिती दिसताच आत शिरण्याची ओढ उतरवली आहे, त्याला तुम्ही ती परिस्थिती रोज दहा-अकरा तास, घरबसल्या उपलब्ध करून देणार आहात. ते फिसकारणे तुमच्या मुलाला 'जवळ येऊ नकोस' असे ऐकू येईल. टेरिअरच्या कानाला ते आमंत्रण असते.

यावर ब्रीडर तुम्हाला सांगेल की लहानपणापासून मांजरीसोबत वाढलेले पिल्लू घरच्या मांजरीला कुटुंबातलीच समजते. ते खोटे नाही. पहिल्या तीन महिन्यांत पिल्लू ज्या प्राण्यांच्या सहवासात शांतपणे राहते, त्यांना ते पुढेही बरेचसे आपले मानते, आणि मांजरीबरोबर सुखाने नांदणारे जॅक रसेल आहेतही. मात्र त्या घरांमध्ये दोन गोष्टी असतात. एक म्हणजे मांजर धडधाकट असते. कुत्र्यापासून मांजराचा बचाव नखांनी फारसा होत नाही, तो उंचीने होतो. फ्रिजवर, कपाटावर, खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारून ती वरून खाली बघू शकली की तिची भीती ओसरते आणि कुत्र्यालाही हा प्राणी आपल्या हाती लागणारा नाही हे हळूहळू उमगते. जी मांजर कॉटच्या वर न झोपता कॉटच्या खाली झोपू लागली आहे, तिच्याजवळ ही उंची उरलेली नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सुरुवातीचे कितीतरी महिने त्या दोघांवर सतत नजर ठेवणारे माणूस घरात असते, जे पिल्लाला घरातही पट्ट्याला बांधून ठेवते, दाराशी अडसर लावते, पिल्लू मांजरीकडे टक लावून बघू लागले की लगेच त्याचे लक्ष दुसरीकडे वळवते आणि हे दिवसातून तीस वेळा करूनही चिडत नाही.

तुमच्या घरात हे माणूस कोण? तुम्ही नाही, कारण तुम्ही सातला येता. यजमान फिरतीवर असतात. मुलगा शाळेत असतो. उरल्या सासूबाई, ज्यांनी 74 व्या वर्षी दुपारभर वाकून वाकून कॉटखालून पिल्लू ओढून काढावे, एवढेच नव्हे तर स्वतःच्याच मांजरीला त्याच्यापासून वाचवावे, असे तुमच्या योजनेत न लिहिता लिहिलेले आहे. पायात घोटाळणाऱ्या पाच किलोच्या कुत्र्याला अडखळून या वयात माणूस पडले तर काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

सासूबाईंना याबद्दल काय वाटते, याचे एक वाक्यही पत्रात नाही. तुम्ही विचारले नाही, ही तुमची चूक आहेच. पण घरात महिनोन्‌महिने कुत्र्याच्या गप्पा चालू असताना त्या काहीच बोलल्या नसतील, तर त्या मौनाचेही मला कौतुक वाटत नाही. स्वतःसाठी सोसणे निराळे. जो जीव 14 वर्षे आपल्या भरवशावर राहिला, त्याच्यासाठी 'हे मला चालणार नाही' एवढे चार शब्द उच्चारायला कुणाची परवानगी लागत नाही. सून रागावेल, नातू हिरमुसेल, म्हणून त्या गप्प बसल्या असतील, तर त्यांनीही मांजरीला कंसातच घातले आहे.

तेव्हा माझे उत्तर असे: ही मांजर आहे तोवर तुमच्या घरात टेरिअर येणार नाही. जॅक रसेल नाही, यॉर्कशायर नाही, आणि 'जरा शांत स्वभावाचे' असे सांगून दाखवले जाणारे दुसरे कुठलेही टेरिअर नाही. यॉर्कशायर टेरिअरच्या डोक्यावरची रेशमी फीत पाहून फसू नका. गिरण्यांच्या गावांत उंदीर मारणाऱ्या कुत्र्यांचेच ते वंशज आहे. टोकनाचे पैसे बुडत असतील तर बुडू द्या. एरवीही ते पिल्लू तुम्ही आणायला नकोच होते, कारण 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकताच येत नाही. जो ब्रीडर सहाव्या आठवड्यात ते आईपासून तोडून तुमच्या हातात द्यायला तयार आहे, त्याने बाकी काय काय धाब्यावर बसवले असेल, याचा विचार करा.

मुलाला नकार तुम्हीच सांगा, आणि कारण खरे सांगा. 'सोसायटी परवानगी देत नाही' अशी सोयीची थाप मारू नका, 'आजीमुळे' असे तर मुळीच म्हणू नका. घरात एक म्हातारी मांजर आहे, तिला या कुत्र्याच्या भीतीत राहावे लागेल आणि तिला दुसरीकडे जाता येत नाही, हे 11 वर्षांच्या मुलाला व्यवस्थित कळते. तो रडेल, दोन दिवस जेवणावर राग काढील. काढू द्या. 'सगळे मी करीन' हे तो मनापासून म्हणत असला तरी हिशेब निराळा आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने 2022 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासलेल्या 18 जातींमध्ये जॅक रसेलचे सरासरी आयुर्मान सर्वांत जास्त, म्हणजे 12.7 वर्षे निघाले. आज आणलेले पिल्लू म्हातारे होईल तेव्हा तुमचा मुलगा चोविशीत असेल आणि बहुधा ठाण्यातही नसेल. एवढ्या लांबच्या सोबतीचा निर्णय काही वर्षे पुढे गेला, तर कुणाचेही बालपण वाया जात नाही.

राहता राहिला रविवार. तो तुम्ही मोकळा ठेवलेलाच आहे, तर त्या दिवशी मुलाला बरोबर घेऊन या मांजरीला पशुवैद्याकडे न्या. 'हल्ली दिवसभर कॉटखालीच असते' हे वाक्य तुम्ही सोय म्हणून लिहिलेत, पण मला त्यात सर्वांत जास्त खटकला तो 'हल्ली' हा शब्द. म्हातारी मांजर उगाच जागा बदलत नाही. मांजरींना संधिवात झाला तरी त्या कुत्र्यासारख्या लंगडत नाहीत, कण्हत नाहीत. त्या फक्त उड्या मारायच्या थांबतात, अंग चाटून स्वच्छ ठेवणे कमी करतात आणि एखादी अंधारी जागा धरून बसतात, आणि घरातले लोक 'वय झाले' म्हणून सोडून देतात. या वयात मूत्रपिंडाचे विकार, थायरॉईडचे आजार, दातांची दुखणी हीदेखील अगदी नेहमीची असतात, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.

टोपलीत सासूबाईंचे वापरातले लुगडे किंवा चादर अंथरा, म्हणजे ओळखीच्या वासामुळे ती कमी घाबरेल. डॉक्टरांना रक्त आणि लघवी तपासायला सांगा, रक्तदाब मोजायला सांगा, सांधे आणि दात पाहायला सांगा. ती पाणी पूर्वीपेक्षा जास्त पिते का, वजन उतरले आहे का, हे ते विचारतील, आणि याची उत्तरे फक्त सासूबाईंना ठाऊक असतील. तेव्हा त्यांनाही रिक्षात घ्या. तिच्या शी-शूच्या मातीचे भांडे आजच कॉटजवळ सरकवा आणि त्याची कड ठेंगणी असू द्या. रविवारपर्यंत तिला दुखते आहे असे वाटले, तरी घरातली पॅरासिटामॉलची गोळी, तिचा तुकडासुद्धा, तिला देऊ नका. मांजराचा त्याने जीव जातो.