भरतीच्या पातळीखालच्या खाजन जमिनीत भात कसे पिकते?

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होता. हिमयुग संपून पाणी चढले तेव्हा गोव्यातल्या मांडवी आणि जुवारी नद्यांच्या खोऱ्यांत खारे पाणी आत शिरले, आणि ही पातळीवाढ मंदावल्यानंतर नद्यांनी आणलेला गाळ भरती-ओहोटीच्या पट्ट्यात साचून चिखलाणीची सपाट जमीन तयार झाली. येथवरचे काम निसर्गाचे. खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेले शेत, मात्र माणसाने घडवले. गावकरी या गावाच्या जुन्या सामुदायिक संस्थेच्या सामूहिक श्रमातून चिकणमाती, पेंढा आणि चिरे यांचे बांध घालून तिवरांची ही जमीन शेतीखाली आणली गेली.

खरी करामत मानशीत आहे. बांधातल्या या उघडीचे लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते, त्यामुळे पावसाळ्यात शेतातले जादा पाणी नदीत जाते, पण नदीचे खारे पाणी शेतात येत नाही. पहिल्या पावसांनी मातीतले मीठ धुतले गेले की कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात पेरतात.

बांधामुळे एक उलटा परिणामही होतो, ज्याची चर्चा फारशी होत नाही: नवा गाळ आत येणे थांबते, जुनी माती दबत जाते आणि बाहेरचा समुद्र चढत असताना शेत खालीच राहते. म्हणून बांधाला एक भगदाड पडले तरी खारे पाणी शेतभर पसरते आणि पुढची काही पिके हातची जातात.