वाचकांचे प्रश्न : अभ्यास झाला, आज्ञापालनाचे काय?

प्रश्न : मी ऐरोलीत राहते आणि मंडळीच्या बायबल अभ्यासवर्गाला अनेक वर्षे नियमित जाते. आमचे पाळक आज्ञापालनावर वारंवार बोलतात, तेव्हा मी अस्वस्थ होते. कारण ठाण्यातील वडिलांच्या घराच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी माझे बोलणे बंद आहे. तारण, म्हणजे पापापासून सुटका, जर देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, तर आज्ञापालनाचा एवढा आग्रह कशासाठी? — एक वाचक भगिनी

उत्तर : आपण म्हणता ते इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील ८ व ९ या वचनांत आहे, परंतु पौल तेथे न थांबता लगेच १०व्या वचनात सांगतो की, आपल्याला ख्रिस्त येशूमध्ये सत्कृत्यांसाठीच निर्माण केले आहे. आज्ञा पाळून तारण विकत मिळत नाही, हे खरेच. पण ज्याला ते फुकट मिळाले त्याचे जगणे पूर्वीसारखे राहू नये, ही अपेक्षा त्याच परिच्छेदात आहे. नुसत्या ज्ञानाविषयी याकोब तर फारच परखड आहे : देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात (याकोब २:१९).

लूकच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायातील शास्त्र्याचे, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराचे, उत्तर अचूक होते : देवावर पूर्ण मनाने आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी. येशूने ते मान्यही केले. तरी स्वतःला नीतिमान ठरवण्यासाठी त्याने पुढचा प्रश्न काढला, ‘माझा शेजारी कोण?’ स्पष्ट आज्ञा समोर असताना आणखी चर्चा मागणे ही अभ्यासू माणसांची नेहमीची पळवाट आहे, आणि क्षमा असावी, आपल्या प्रश्नातही मला तिची थोडी छटा दिसते.

म्हणून अभ्यास सोडा असे नव्हे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या मुलींना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतरही केले. तसेच पाळकांचा प्रत्येक शब्द झेलणे म्हणजे ख्रिस्ताचे आज्ञापालन, असाही गैरसमज नको.

आपल्यासमोरची आज्ञा मत्तय ५:२३-२४ मध्ये आहे : अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा. तेथे चूक कोणाची हे विचारलेले नाही; भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, एवढे आठवणे पुरेसे मानले आहे. तेव्हा पुढच्या प्रभुभोजनाआधी भावाला फोन करून ठाण्याला जाऊन यावे. समेटासाठी हक्क सोडावा लागतो असे मुळीच नाही. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. मात्र पहिल्या भेटीत कागदपत्रे नेऊ नयेत; वाटणीचे बोलणे नंतर, दोघांचाही विश्वास असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीसमोर करावे. भावाने भेट नाकारली, तर सर्वांबरोबर शांतीने राहण्यासाठी रोमकरांस पत्र १२:१८ आपल्याकडून होईल तितकेच मागते; ‘तितके’ किती, हे मात्र भेटीचा प्रयत्न करण्याआधी ठरवू नये.