फारसी भाषकांच्या इंग्रजीतील क्रियापदे

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागेत इंग्रजीचे वर्ग घेते. यंदा ऑनलाइन वर्गात तेहरानचे काही विद्यार्थी आहेत. त्यांचा शब्दसंग्रह चांगला आहे, पण क्रियापदांत त्याच त्या चुका होतात आणि त्यांपैकी काही आमच्या मुलांसारख्याच असतात. असे का होते? सुधारणा कशी करावी?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : आपल्याला दिसलेले साम्य खरे आहे. ‘पाच वर्षे झाली, मी इथे राहतो’ हे वाक्य फारसीत ‘पंज साल अस्त के ईंजा जिंदगी मीकोनम’ असे होते. दोन्ही भाषांत क्रियापद साध्या वर्तमानकाळातच राहते. फारसीत पूर्ण वर्तमानकाळ आहे, परंतु आजही चालू असलेल्या क्रियेसाठी तो सहसा वापरत नाहीत. त्यामुळे तेहरानचा आणि मिरजेचा विद्यार्थी सारख्याच सहजतेने ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’च्या जागी ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणतो. अप्रत्यक्ष कथनातही हेच घडते : ‘गोफ्त के मीआयद’, म्हणजे ‘येतो असे तो म्हणाला’, यात मुख्य क्रियापद भूतकाळी असूनही दुसरे वर्तमानकाळातच राहते, आणि इंग्रजीत ‘वॉज कमिंग’च्या जागी ‘इज कमिंग’ येते.

‘आय वाँट आय गो’ ही चूक मात्र आपल्याकडची मुले क्वचितच करतील. ‘मीखाहम बेरवम’ या फारसी वाक्यात ‘इच्छितो’ आणि ‘जावे’ अशा दोन्ही क्रियापदांना प्रथमपुरुषाचा प्रत्यय लागतो, तर आपल्या ‘मला जायचे आहे’ची घडणच निराळी आहे.

‘शी वर्क्स’च्या जागी येणाऱ्या ‘शी वर्क’ या चुकीचा दोष मात्र मातृभाषेला देता येणार नाही, कारण फारसीत आणि मराठीत क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलते. तरीही तो ‘एस’ गळतो, आणि निरनिराळ्या मातृभाषांच्या विद्यार्थ्यांकडून गळतो. शिकणाऱ्याच्या चुकांमागे त्याची स्वतःची एक नियमव्यवस्था असते, हा विचार भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये मांडला, आणि दुसरे भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये त्या व्यवस्थेला ‘इंटरलँग्वेज’ हे नाव दिले.

म्हणून सगळ्या चुकांवर सारखीच लाल शाई फिरवणे मला योग्य वाटत नाही. पहिल्या दोन प्रकारांत विद्यार्थ्याकडून आधी मातृभाषेतील वाक्य लिहून घ्यावे, त्यातील काळ त्यालाच ओळखायला लावावा आणि मगच शेजारी इंग्रजी वाक्य मांडावे. येथे आपले मराठी आपल्याला फार उपयोगी पडेल. ‘वाँट’नंतर ‘टू गो’ येते, हे पुष्कळ उदाहरणांतून तोंडी बसवावे. ‘एस’साठी वेगळा तास घेण्याची गरज नाही, लेखन तपासताना तो दाखवत राहावा, पण त्यासाठी बोलणाऱ्याला मध्येच थांबवू नये.