घोटा मुरगळलाय? आधी ते मालीश थांबवा

तुमचा प्रश्न: पाखाडीवरून घसरून घोटा मुरगळला, आज तिसरा दिवस, बाहेरून सूज, टाचेजवळ काळंनिळं. घरचे शेक आणि मालीश म्हणतात. पंधरा दिवसांनी गणपतीत जाखडी नाचता येईल का?

मालीश आजच बंद करा. पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं की वाडीवाडीत घोटे मुरगळतात, आणि 'शीर बसवून देणारं' कुणीतरी हजर असतंच. पण इथे शीर निसटलेली नसतेच, बसवणार काय? पाऊल आत वळलं की घोट्याच्या बाहेरच्या हाडाला पावलाशी बांधणारा अस्थिबंध ताणतो, कधी त्याचे धागे तुटतात. सोबत बारीक रक्तवाहिन्या फुटतात. पहिले दोन-तीन दिवस त्यांची तोंडं रक्त गोठून बंद होत असतात. तिथेच अंगठ्याने रगडलं किंवा गरम मिठाची पुरचुंडी ठेवली की पुन्हा रक्त झिरपतं. चोळल्यावर घटकाभर दुखणं कमी वाटतं, हे खरं. संध्याकाळी पाय टम्म फुगतो तेव्हा मात्र खापर 'जास्त चाललास'वर फुटतं. या एका गोष्टीवर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

टाचेजवळ काळं दिसतं म्हणजे तिथे मार लागलाय असं नाही. साकळलेलं रक्त कातडीखालून उताराने खाली येतं. जांभळं, मग हिरवट, मग पिवळं होत साधारण दोन-तीन आठवड्यांत जातं. पण आंब्यावरून किंवा उंच गडग्यावरून थेट टाचेवर पडला असाल आणि काळेपणा तळव्यात पसरला असेल, तर टाचेचं हाड मोडल्याची शंका घ्या. अशा वेळी कंबरेचा मणकाही तपासून घ्या.

एक्स-रे कधी काढायचा? ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली मांडलेले नियम आजही वापरतात. घोट्याच्या दोन्हीकडच्या हाडांची मागची कड, टोकापासून वर 6 सेंमीपर्यंत, बोटाने दाबा. मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावरचं बाहेरचं उंच हाड, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. यांत कुठेही हाडावर दाबून दुखलं, किंवा लंगडत का होईना चार पावलं टाकता येत नसली, तर एक्स-रे काढाच.

बर्फ पातळ ओल्या फडक्यात, 15 मिनिटं, दोन-तीन तासांनी. मासळीच्या पेटीतला मीठ घातलेला बर्फ नको. तो शून्याखाली जातो आणि कातडी जाळतो. पट्टी 10 सेंमी रुंदीची क्रेप. पाऊल काटकोनात धरा, बोटांच्या मुळापासून सुरू करा, बोटं उघडी ठेवा. टाचेभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घ्या, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. बांधण्याआधी रुमालाची घडी नालाच्या आकारात घोट्याच्या हाडाखालून लावा, नाहीतर दाब उंच हाडावरच पडतो आणि सुजलेला खळगा तसाच राहतो. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून सैल बांधा. रात्री काढा. झोपताना पाय छातीपेक्षा उंच.

काठी चांगल्या पायाच्या हातात धरा. बहुतेक जण दुखऱ्या बाजूला धरतात. दुखणं सोसेल तेवढं आजपासून चाला. पाऊल वर-खाली करा, अंगठ्याने हवेत अक्षरं गिरवा. आठवड्याने भिंतीला धरून टाचा उचला, मग एका पायावर 30 सेकंद उभे राहा, आधी डोळे उघडे, नंतर मिटून. हे टाळणाऱ्यांचा तोच घोटा पुन्हा मुरगळतो, कारण पावलाचा तोलाचा अंदाज बिघडलेला राहतो.

आंबेहळदीचा लेप कोमट लावलात तर माझी हरकत नाही, पण गरम नको आणि जखम असेल तर नकोच.

जाखडीचं म्हणाल तर, त्या पायावर दहा वेळा न दुखता उडी मारता आली तर पट्टी बांधून उभे राहा. नाहीतर यंदा ढोलकीजवळ बसा.

दोन गोष्टी राहिल्या. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर घरगुती उपाय सोडून डॉक्टरांना दाखवा. आणि पाय मुरगळल्याचं आठवत नसताना गवतातून आल्यावर घोटा सुजला, काळानिळा पडला, तर फुरसं चावलं असं धरून चाला. बर्फ नको, आवळून बांधणं नको, चिरा नको. पाय स्थिर ठेवून थेट सर्पदंशाची लस असलेलं रुग्णालय गाठा.