तिकीट कोणी टाकत नाही, सगळे फोनच करतात

प्रश्न : आमच्या आयटी विभागात १५ जण आहेत. आयटिल (आयटी सेवा सांभाळायची कार्यपद्धती) लागू करायचं ठरलं, तिकीट म्हणजे तक्रार किंवा मागणी नोंदवायचं टूलही आलं. तरी लोक ओळखीच्या इंजिनिअरलाच फोन लावतात. चुकतंय कुठे?

उत्तर : बहुतेक ठिकाणी टूल आधी येतं आणि कामाची पद्धत नंतर ठरते. आयटिल ४ मध्ये ३४ प्रॅक्टिसेस (कामाच्या पद्धती) आहेत. १५ जणांनी त्या सगळ्या अंगावर घ्याव्यात अशी अपेक्षाच नाही. आधी इन्सिडेंट आणि सर्व्हिस रिक्वेस्ट एवढंच घ्या, पण दोन्हींच्या रांगा वेगळ्या ठेवा. ईमेल बंद पडला तर तो इन्सिडेंट, नव्या माणसाला लॅपटॉप हवा असेल तर ती रिक्वेस्ट.

मग तुमचा फॉर्म एकदा स्वतः भरून बघा. चाळीस कॅटेगरींची यादी समोर आली की माणूस ‘इतर’ निवडतो किंवा फोन उचलतो. काय अडलंय, कशावर, कधीपासून, एवढंच विचारा. कॅटेगरी सर्व्हिस डेस्कने (तक्रारी घेणाऱ्या टीमने) लावावी आणि तिकीट बंद करताना पुन्हा तपासावी, कारण खरं कारण तेव्हाच कळलेलं असतं. फोन आलाच तर बोलता बोलता तिकीट नोंदवून नंबर सांगायचा. साहेबांचा फोनही याला अपवाद नाही. तिथे सूट दिली की पद्धत मोडलीच म्हणून समजा.

प्रायॉरिटी तक्रार करणाऱ्याला निवडू देऊ नका, सगळंच ‘पी-१’ (सर्वांत तातडीचं) होईल. परिणाम किती जणांवर आणि घाई किती, या दोन्हींवरून ती डेस्कने काढायची.

चेंज मॅनेजमेंट, म्हणजे यंत्रणेतले बदल हाताळणं, त्यानंतर. नेहमीचे, कमी जोखमीचे बदल ‘स्टँडर्ड’ म्हणून एकदाच मंजूर करून ठेवा. प्रत्येक बदल आठवड्याच्या बैठकीसाठी थांबवला, तर लोक साधे बदलही ‘इमर्जन्सी’ म्हणून पुढे रेटतात. सीएमडीबीत (कोणती सेवा कोणत्या यंत्रणेवर चालते त्याच्या नोंदवहीत) कीबोर्ड-माउस भरत बसू नका, महिन्याभरात ती यादी शिळी होते. दोन-तीन महत्त्वाच्या सेवा घ्या आणि त्या कोणत्या सर्व्हर-डेटाबेसवर उभ्या आहेत तेवढंच नोंदवा.

प्रश्न : ग्राहक म्हणतो, ‘कंपनी आयटिल-प्रमाणित हवी.’ काय करावं?

उत्तर : आयटिलच्या परीक्षा व्यक्ती देतात, त्यामुळे ते प्रमाणपत्र माणसाचं असतं. कंपनीसाठी आयएसओ/आयईसी २००००-१ हे मानक आहे, सध्याची आवृत्ती २०१८ ची. ऑडिटर प्रक्रियेचा कागद पाहून थांबत नाही, नोंदी मागतो. म्हणून आधी काही महिने पद्धत प्रत्यक्ष चालवा, अंतर्गत ऑडिट करा आणि मगच बाहेरच्यांना बोलवा.