‘भावार्थाने सेवा करावी’ हा प्रयोग चुकीचा आहे का?

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या उत्सवपत्रिकेचे काम पाहणाऱ्या वाचकाने एक शंका विचारली आहे. पत्रिकेच्या मसुद्यात ‘भाविकांनी भावार्थाने श्रींची सेवा करून तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा’ असे वाक्य होते. मुद्रिते तपासणाऱ्या शिक्षकांनी त्यातील ‘भावार्थाने’ हा शब्द खोडून तेथे ‘भक्तिभावाने’ असे लिहिले, कारण भावार्थ म्हणजे कवितेचा किंवा उताऱ्याचा आशय, आणि आशयाने सेवा कशी करणार, असे त्यांचे म्हणणे. यांतला कोणता शब्द ठेवावा, असा प्रश्न आहे. माझ्या मते ‘भावार्थाने’ हाच ठेवावा.

शिक्षकांची हरकत समजण्यासारखी आहे. ‘पुढील ओळींचा भावार्थ लिहा’ हा प्रश्न सोडवतच आपण सारे मोठे झालो, आणि शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीचे ‘भावार्थदीपिका’ हे नावही गीतेच्या आशयावर प्रकाश टाकणारी टीका याच अर्थाने पडले आहे. परंतु मराठीत या शब्दाला दुसराही अर्थ आहे, आणि तो म्हणजे देवाच्या ठिकाणी असलेली निष्ठा, मनापासूनचा विश्वास. ‘भोळ्या भावार्थाने’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणत्याही पद्याचा आशय आपल्या मनात नसतो. दोन अर्थांची ओळख पटवण्याची एक सोपी खूण आहे. भावार्थ ग्रंथाचा, ओवीचा किंवा वाक्याचा असेल, तर तो आशय. माणसाचा असेल, तर ती निष्ठा. ‘अभंगाचा भावार्थ’ आणि ‘आजीचा भावार्थ’ या दोन प्रयोगांत कोणाचाही गोंधळ होत नाही. पत्रिकेतील वाक्यात भावार्थ भाविकांचा आहे, त्यामुळे तेथे आशयाचा प्रश्नच उद्भवत नाही.

गोव्यात तर हा दुसरा अर्थ रोजच्या बोलण्यातला आहे. कोंकणीत ‘भावार्थान देवाक पूजप’ असे सहज म्हटले जाते, आणि येथील ख्रिस्ती समाजाच्या प्रार्थनेत ‘भावार्थ, भरवसो आनी मोग’ ही त्रयी श्रद्धा, आशा आणि प्रीती या तीन सद्गुणांसाठी रूढ आहे. (कोंकणीत नुसता ‘भाव’ म्हणजे भाऊ, म्हणूनही श्रद्धेसाठी ‘भावार्थ’ हा लांब शब्द सोयीचा पडत असावा, असे मला वाटते.) फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचले आणि ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले; त्यातही परमेश्वर, वैकुंठ, भक्ती हे येथल्या मातीतले शब्दच त्यांनी हाती घेतले. देवळात आणि इगर्जीत जाणाऱ्या दोन्ही शेजाऱ्यांना जो शब्द समान कळतो, तो गोव्यातल्या पत्रिकेतून चूक म्हणून काढून टाकावा, हे मला मुळीच पटत नाही.

आता मुख्य गोष्ट. भाव हा शब्द ‘भू’ म्हणजे होणे या धातूपासून आला आहे. मनाचे जे होणे, मनाची जी स्थिती, तो भाव. पूजेच्या संदर्भात तो क्रियेहून वेगळा काढून दाखवावा लागला, कारण क्रिया भावाशिवायही पार पडू शकते. याची साक्ष आपल्या शब्दांतच आहे. ‘उपचार’ म्हणजे मुळात देवाची सेवा. गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य हे पंचोपचार, आणि आवाहनापासून धरले तर षोडशोपचार. त्याच उपचारापासून झालेल्या ‘औपचारिक’ या शब्दाचा आजचा अर्थ मात्र केवळ रीत म्हणून केलेले, मन नसलेले असा आहे. ‘यथासांग’ म्हणजे सर्व अंगांसह. हा शब्द विधी पुरा झाला एवढेच सांगतो, करणाऱ्याच्या मनाविषयी काहीच सांगत नाही. हरिपाठात ‘भावेंवीण भक्ति भक्तिवीण मुक्ति’ याविषयी ‘बोलूं नये’ असे बजावले आहे. तेथे भाव हा भक्तीच्याही आधीचा मानला आहे, हे लक्षात घ्यावे. गीतेतल्या ‘पत्रं पुष्पं फलं तोयम्’ या श्लोकात वस्तू चार आहेत आणि त्या चारही फुकट मिळणाऱ्या आहेत, पण ‘भक्त्या’ आणि ‘भक्त्युपहृतम्’ असा भक्तीचा उल्लेख मात्र दोनदा आला आहे. पूजेच्या शेवटी भटजी जो श्लोक म्हणतात, त्यात ‘मन्त्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर’ असे आहे. मंत्र चुकला, क्रिया राहिली, याबरोबरच भक्तीही उणी पडली असेल, तर हे देवा तूच ती पूजा परिपूर्ण करून घे, अशी ती विनंती आहे. सर्व विधी नीट झाल्यावरही आपले मन हजर होते की नाही, हे विचारण्याची सोय त्या विधीतच ठेवलेली आहे, आणि मला तो श्लोक त्यासाठी फार मोलाचा वाटतो. पावसाळ्यात म्हार्दोळला श्रीमहालसेच्या देवळात जायांची (जाईच्या फुलांची) पूजा होते, तेव्हा एकेक कळी हातात घेऊन फाती (फुलांचे सर) गुंफणाऱ्याची ती सेवा कोणत्याच उपचाराच्या यादीत वेगळी मोजलेली नसते. तिच्यासाठी ‘भावार्थाने’ हाच शब्द नेमका बसतो.

‘भक्तिभावाने’ अशुद्ध नाही, परंतु प्रत्येक फलकावर आणि प्रत्येक आमंत्रणात छापून छापून त्याची धार गेली आहे. ‘श्रद्धेने’ यात विश्वास आहे, पण जिव्हाळा थोडा कमी जाणवतो. ‘मनोभावे’ मात्र तितकाच चांगला पर्याय आहे, केवळ तो नीट लिहावा. त्यातील शेवटचा एकार हा जुना तृतीयेचा प्रत्यय आहे, जसा ‘अनन्यभावे’ किंवा ‘एकचित्ते’ यांत दिसतो; म्हणून ‘मनोभावेने’ असे लिहिले, तर एकच प्रत्यय दोनदा लागतो. हे रूप हल्ली पत्रिकांत वरचेवर दिसते आणि ते निश्चितपणे चूक आहे.

याच वाचकाने ‘भाविकांनी’ऐवजी ‘भावार्थी भक्तांनी’ असे लिहावे का, असेही विचारले आहे. शब्द जुना आणि शुद्ध आहे, परंतु त्याच वाक्यात पुढे ‘भावार्थाने’ येत असल्यामुळे पुनरुक्ती होईल. पहिल्या जागी ‘भाविकांनी’ राहू द्यावे, आणि खोडलेला शब्द पूर्ववत करून मसुदा छपाईला द्यावा.