सेक्टर १० म्हणजे नेमका कुठला सेक्टर १०?

साताऱ्याहून बदली होऊन नेरूळला आलेल्या सदस्याचा प्रश्न असा आहे: सेक्टर, प्लॉट नंबर, बिल्डिंगचं नाव सगळं बिनचूक देऊनही पार्सलवाला चार वेळा फोन करतो. परवा तर गावाहून निघालेले काका आंब्याची पेटी घेऊन खारघरच्या सेक्टर १० मध्ये जाऊन उभे राहिले. आमचं चुकतंय कुठे?

तुमचं काहीच चुकत नाहीये. नवी मुंबईत सेक्टर १० एकच नाही. ऐरोलीत आहे, कोपरखैरण्यात आहे, वाशीत, सानपाड्यात, नेरूळात आणि खारघरातही आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, गावांच्या जमिनी घेऊन एकेक नोड, म्हणजे वाशी, नेरूळसारखं एकेक उपनगर, आखला गेला आणि प्रत्येक नोडने आपला हिशेब पुन्हा एकपासून सुरू केला. कागदावर ठीक आहे, पण रिक्षात बसून नुसतं 'सेक्टर दहा' म्हणालात तर रिक्षावाला काय करणार? त्यात खारघर नवी मुंबई महापालिकेतही नाही, पनवेल महापालिकेत आहे. बिचाऱ्या काकांना हे कोणी सांगायचं!

बरं, नोड कळला म्हणून सुटलो असंही नाही. दहाच्या पुढे अकरा असेल असं समजून चालत सुटू नका. वाशीत तर नऊ ए, दहा ए, तीस ए अशी शेपटंही आहेत. वाशी स्टेशन तीस ए मध्ये येतं आणि महामार्ग ओलांडला की सतरा. नवा माणूस मधले बारा सेक्टर शोधत बसतो.

मला खरा राग येतो तो पाट्यांचा. सेक्टरची पाटी चौकात असते, नाही असं नाही. पण तिच्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स. दहा-बारा चेहरे, गॉगल, हात जोडलेले, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि त्या रांगेच्या मागून 'सेक्ट' एवढंच डोकावतंय. जुलैच्या पावसात रेनकोटातून फोन बाहेर काढून, स्क्रीन शर्टाला पुसत पत्ता शोधणारा मुलगा तिथे उभा असतो. त्याच्यावर ओरडणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. त्याने पाटी वाचायची तरी कशी?

आता उपाय. पत्ता उलट्या क्रमाने सांगा. आधी नोड, मग स्टेशनची पूर्व की पश्चिम बाजू, मग खूण, आणि सेक्टर सगळ्यात शेवटी. खूण हलणारी नको. वडापावची गाडी उद्या दुसऱ्या कोपऱ्यावर जाईल, बँकेची शाखा स्थलांतरित होईल. शाळा, देऊळ, उद्यान, पाण्याची टाकी चालेल. रिक्षावाल्यांना शाळा हमखास ठाऊक असतात, कारण सकाळचं भाडं तिथलंच. जवळ जुनं गावठाण असेल तर त्याचं नाव घ्या. शिरवणे, करावे, जुहूगाव ही नावं सेक्टरांच्या आधीपासूनची आहेत आणि इथल्या माणसांच्या तोंडात आहेत.

पिनकोड लिहायला कंटाळू नका. नेरूळ ४००७०६, वाशी ४००७०३, खारघर ४१०२१०. सेक्टर सारखा असला तरी पिन सारखा नाही. काकांच्या चिठ्ठीवर तो असता आणि निघताना कोणी पाहिला असता, तर पेटी सरळ घरी आली असती.

फोनवरून लोकेशन पाठवताना एक बघा. बऱ्याच सोसायट्यांत ते मागच्या बंद गेटवर पडतं. माणूस कुलपासमोर उभा, तुम्ही वरून 'गेटवर या' म्हणताय, आणि दोघंही खरं बोलताय. स्वतः खाली जाऊन, वॉचमनच्या रजिस्टरजवळ उभे राहून लोकेशन घ्या आणि तेच साठवून ठेवा.

घरात वयस्कर मंडळी असतील तर हाच पत्ता मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा. रात्री रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली तर घाबरलेल्या माणसाला नोड आधी की सेक्टर आधी हे आठवत नाही. आणि झाकलेल्या पाटीचा फोटो काढून नेरूळच्या विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. एकट्याने देण्यापेक्षा सोसायटीच्या लेटरहेडवर द्या, लवकर हलतात.